लवंगेच्या कप्प्यातली गोळी

मी बोलतोय. इकडे बघा, दारापुढच्या ओट्यावर. गोल, पितळी, झाकणावरच्या मोराची मान तुटलेला. पानाचा डबा. म्हणजे जन्मलो तेव्हा तरी पानाचा डबा होतो. आता मी नेमका कोण आहे, हे कोणी मला समजावून सांगितलं तर उपकार होतील. माझ्या पोटात पान नाही, कात नाही, सुपारी नाही. आणि तरी घरातलं माणूस दिवसातून दोनदा-तीनदा माझ्या पोटात हात घालतंच.

माझी जन्मकथा मी दर खेपेला वेगळी सांगतो. कधी सांगतो, असीरगडावरची एक तोफ बार उडवता उडवता फुटली आणि तिच्या तुकड्यातून मला ओतलं. कधी सांगतो, कोण्या बेगमेच्या हमामात मी घंगाळ होतो, बेगम गेली आणि मी दुःखानं आक्रसून एवढासा झालो. खरं सांगू? बुऱ्हाणपुरातल्या एका तांबटानं फुटका हंडा वितळवला आणि मला घडवलं. त्या हंड्यात आधी कोंबड्या पाणी प्यायच्या म्हणे. आता अशी जन्मकथा कोण कान देऊन ऐकेल? वय विचाराल तर मध्यम. माणसात साठ-पासष्ट म्हणजे म्हातारा, पितळेत ती ऐन उमेद.

धुरपदाबाई लग्न होऊन लोधीपुऱ्यात आली तेव्हा मी तिच्या रुखवतात होतो. माझ्या बुडावर तिचं नाव आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. आत कडेनं सहा कप्पे आणि मधोमध चुन्याची डबी. पान खाण्यापेक्षा पान देण्याची तिला हौस होती. दारात कोणीही येवो, दूधवाला, लूमवरचा कारागीर, नाव विसरलेला सोयरा, आधी माझं झाकण उघडून मला त्याच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "आल्या माणसापुढे डबा उघडला नाही त घराचंच तोंड बंद दिसते."

एकदा राजघाटावर घासताना मी तिच्या हातून निसटलो आणि तीन दिवस ताप्तीत राहिलो. माझ्यातली पानं माशांनी खाल्ली. चौथ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यात लाल ओठांचे मासे आले, आणि त्या माशांच्या वाटेवरूनच लोकांनी मला शोधून काढलं. खोटं वाटतं ना? वाटू द्या. पुढचं सगळं खरं आहे, आणि ते याहून खोटं वाटेल.

धुरपदाबाई गेली. तिचा एकुलता एक मुलगा कौतिक. शाहपूरच्या अंगाला त्याची केळीची बाग. घड भरला की केळीच्या झाडाला बांबूचा टेकू देतात, पाहिलाय ना? कौतिक तसाच. लांब, वाळका, वारा आला की वाकेल असा. गल्लीत त्याला टेकूच म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. त्याची बायको सुशीला याच्या बरोबर उलट. गोलमटोल, हसरी, जिना चढली की जिन्यालाच धाप लागावी. दोघं शेजारी उभी राहिली की एक आणि शून्य लिहिल्यासारखी दिसायची.

कौतिक पान खात नव्हता. त्यामुळे सासू गेल्यावर सुशीलेनं मला फळीवर ठेवलं आणि माझ्यात गुंड्या, सेफ्टी पिना, रबरं भरली. ती वर्षं मी मोजत नाही. पिनांशी काय बोलणार?

मग कौतिकला शुगर निघाली.

घरात नुसता गोंधळ उडाला. एवढ्या काटकुळ्या माणसाला शुगर कशी? साखर राहतेय कुठे याच्यात? पण डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांची पाकिटं घरभर फिरू लागली. उशीखाली एक, देव्हाऱ्यात एक, शर्टाच्या खिशात धुवून निघालेलं एक. एके दिवशी सुशीला वैतागली.

"रोज पाकिटं शोधा न् रोज नाचा. आता फोडूनच ठेवते सगळ्या."

तिनं मला चिंच लावून लख्ख घासलं. सुपारीच्या कप्प्यात शुगरची सकाळची गोळी, काताच्या कप्प्यात संध्याकाळची. पाकिटं गेली केरात. मी पुन्हा ओट्यावर आलो! आनंदानं माझं झाकण दोन दिवस नीट बसेना. पण मनातून मी चक्रावलो होतो. पान खाल्लं की माणसाचं तोंड रंगतं. ह्या गोळीनं काहीच होत नव्हतं. खाणाऱ्याचा चेहरा आधी जसा तसाच नंतर. मग खातात कशाला?

कौतिकनं पथ्य मात्र मर्दासारखं पाळलं. मावा जिलेबीच्या गावात राहून त्यानं मावा जिलेबी सोडली. चहा बिनसाखरेचा. बागेतली पिकली केळी मोजून खाऊ लागला. पण त्याच्या डोक्यात एक हिशोब पक्का होता. शुगर म्हणजे गोडाचा रोग. जे गोड नाही त्याला भ्यायचं काय कारण? म्हणून संध्याकाळी ओट्यावर कच्च्या केळीची भजी यायची, शेव यायची, कधी कचोरी. वरणावर तुपाची धार पडायची ती सुशीलेचा हात दुखेपर्यंत. कौतिक समोर बसलेल्या मोतीरामला सांगायचा, "गोड नाही ना भो? मंग चालते."

हा मोतीराम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पोट भोपळ्यासारखं, शुगर त्यालाही. ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात त्याचा सल्ला सगळ्यात ठाम असायचा. तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा, आणि जुन्या सवयीनं सुशीला मला त्याच्यापुढे सरकवायची. झाकण उघडून. पाहुणा आहे, डबा आहे, मग डबा पुढे नको करायला?

"मोतीभाऊ, आज गोळी घेतली का?"

"नाही वो वहिनी, घरीच राहिली."

"मंग घ्या ना इथली. तुमाले बी शुगर, यायले बी शुगर."

तो चिमटीनं एक उचलायचा, तोंडात टाकायचा. सुपारी उचलावी तशी. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. जन्मभर मी हेच करत आलो होतो. जो बसेल त्याचा डबा.

गेल्या वर्षी डॉक्टर प्रतिभा आली. कौतिकचे जुने डॉक्टर म्हातारे झाले आणि त्यांच्या खुर्चीवर ही बसली. तरुण, बोलायला चटपटीत. तिनं शुगरचे आकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाली, "काका, शुगर ठीक आहे. आता रक्तातली चरबी बघू. सकाळी खाली पेट या."

सुशीलाही गेली. आलेच आहे तर माझंही बघा, म्हणाली. दोघांचं रक्त एकाच बाकावर, एकामागून एक काढलं. संध्याकाळी रिपोर्ट घरी आले आणि ओट्यावर सभा भरली. रिपोर्ट वाचायला सून होती, निशा. चार महिन्यांपूर्वीच लग्न होऊन आलेली. नवरा कागदाच्या मिलमध्ये कामाला, आठवड्यानं घरी यायचा.

"पप्पा, तुमचं ट्रायग्लिसराइड तीनशे शहाऐंशी आहे. दीडशेच्या आत पाहिजे. और अच्छावाला कोलेस्टेरॉल कम है, खराबवाला ज्यादा."

"आणि माझं?" सुशीलेनं विचारलं.

"मम्मी, आपका तो एकदम नॉर्मल है."

 मग मोतीरामनं आधी सुशीलेकडे पाहिलं, मग कौतिककडे. मग पुन्हा सुशीलेकडे. मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मोतीरामच्या आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला.

"अदलाबदल झाली," मोतीराम म्हणाला.

"कायची?"

"रिपोर्टची! अरे, आंधळ्याले बी दिसते. तुझ्या अंगावर चरबी आहे का? खाटकानं तुले पाहिलं त दुकान बंद करीन. न् वहिनीले चरबी नाही? वहिनी, राग नका मानू."

"राग कायचा मानता?" सुशीला हसली. "मले बी तेच वाटू राहिलं. एकाच बाकावर बसलो होतो, नळ्या इकडच्या तिकडं झाल्या असतीन."

निशा हळूच म्हणाली, "पण नळीवर नाव चिकटवतात ना…"

"बेटा, तू नवी आहे," मोतीराम म्हणाला. आता नवेपणाचा न् नळीचा काय संबंध, हे मला कळलं नाही, पण निशानं रिपोर्टची घडी घातली.

डॉक्टरनं रिपोर्ट पाहून चरबीची गोळी लिहून दिलीच होती. पांढरी, लांबट, रोज एक, संध्याकाळच्या जेवणानंतर. सुशीलेनं ती फोडून माझ्या लवंगेच्या कप्प्यात ठेवली. धुरपदाबाईच्या लवंगांचा वास त्या कप्प्यातून कधी गेलाच नाही. आणि त्या दिवसापासून कौतिकची गोळी रोज नेमानं सुशीला घेऊ लागली. कौतिकच ती तिच्या हातावर ठेवायचा. प्रेमानं.

"घे, तुझी चरबीची. अन् मले भजे दे."

मला सांगा, मी काय समजायचं होतं? चरबी म्हणजे जी दिसते ती. तूप, लोणी, सुशीलेचे दंड. न दिसणारी चरबी ही गोष्टच माझ्या डोक्यात शिरेना. रोग गोडाचा, गोळी चरबीची, आकडा वाळक्या माणसाचा. त्यात चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल! व्याह्यांमध्ये चांगले-वाईट असतात हे मी ओट्यावर बसून पाहिलंय, पण चरबीतही? मी माझी कडी खाजवत बसलो.

मोतीरामनं एकदा चुकून लवंगेच्या कप्प्यात हात घातला. शुगरची समजून पांढरी गोळी तोंडात टाकली आणि त्याचे डोळे चमकले. "वा! कौतिकच्या घरची गोळी लवंगी लागते!" झालं. त्यानंतर त्याचा हात तिकडेच वळू लागला. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपू लागल्या. औषधाच्या दुकानातला माणूस कौतिकला म्हणाला, "काका, तुमच्यासारखे सगळे पेशंट असते तर! लोक महिन्याची गोळी दोन महिने पुरवतात." कौतिकनं ही तारीफ घरी येऊन दोनदा सांगितली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. या खेपेला कौतिक एकटाच गेला. आकडा उतरायचं सोडून वर गेला.

डॉक्टर प्रतिभाही चक्रावली म्हणे. कौतिक येऊन सांगत होता, "बाई कागदच पाहू राहिली. गोळी रोज घेता? मी म्हटलं, हाव, रोज जाते ना, डबा पाहा. म्हणे मग कमी कशी नाही होत? आता डबल ताकदीची दिली."

आता थांबा आणि विचार करा. या खेपेला सुशीला गेलीच नव्हती. मग कौतिकच्या रक्ताची अदलाबदल झाली कोणाशी? हा प्रश्न माझ्या पितळी डोक्यात आला, पण ओट्यावरच्या एकाच्याही आला नाही. म्हणजे निशाच्या आला. तिनं विचारलंसुद्धा. त्यावर मोतीरामचं उत्तर तयार होतं. "कंप्युटरमध्ये एकदा चुकलं का तेच चालू राहते, बेटा. माझ्या आधार कार्डात जन्मसाल दहा वर्षं मागचं आहे. निघाली का चूक? नाही निघाली."

यावर सगळ्यांचं समाधान झालं. डबल ताकदीची गोळी लवंगेच्या कप्प्यात आली आणि सुशीलेच्या पोटात जाऊ लागली. तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. ती तेल चोळायची, म्हणायची, खाली बसून भाजी निवडते म्हणून दुखतात. कौतिक शेजारी बसून पाय दाबून द्यायचा आणि दुसऱ्या हातानं भजी खायचा.

सबंध जन्मभर मी थापा मारल्या. तोफेच्या, बेगमेच्या, लाल ओठांच्या माशांच्या. आणि आता एक खरी गोष्ट सांगावीशी वाटू लागली, तर माझ्याकडे झाकण होतं, जीभ नव्हती. खरं म्हणजे मला तरी कुठे पक्कं ठाऊक होतं? नुसती कुरकुर. रोज एकच गोळी एका माणसाच्या नावानं येते आणि दुसऱ्या दोघांच्या तोंडात जाते. सुपारीचं असं चालतं. याचंही चालतच असेल.

पौष होता. दुपारी ओट्यावर ऊन छान पडलं होतं. कौतिक बागेतून आला, मोटरसायकल लावली आणि तिच्यावर हात टेकून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मोतीराम आधीच येऊन बसला होता.

"काय रे टेकू, तुलेच टेकू लागू राहिला का?"

"नाही रे. दाढ दुखते. खालचा जबडा पूरा." कौतिक येऊन बसला. थंडीत लोक उन्हाला सरकत होते, आणि ह्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "सुशीला, लवंग आहे का वं?"

"आईंच्या डब्यात पाहा!" आतून आवाज आला. बोलून गेली ती. वर्षानुवर्षांची सवय, डब्यात लवंग असायचीच.

त्यानं माझं झाकण उघडलं.  सवयीनं हात लवंगेच्या कप्प्यात गेला, कारण वास अजून तिथूनच येत होता. चिमटीत एक पांढरी, लांबट गोळी आली. त्यानं ती उन्हात धरून पाहिली.

"अरे, ही त सुशीलाची," म्हणाला, आणि ती पुन्हा कप्प्यात ठेवून झाकण लावलं.

मी खूप आवाज ऐकले आहेत. तांबटाची हातोडी ऐकली आहे. पण त्या झाकणाचा 'टक्' मी विसरणार नाही.

निशा पाणी घेऊन बाहेर आली. तिनं सासऱ्याचा चेहरा पाहिला, शर्ट पाहिला, पाठीला चिकटलेला. "पप्पा, छातीत काही होतंय?"

"छातीत काही नाही. थोडं भरल्यासारखं. गॅस आहे."

"गॅसच आहे," मोतीराम म्हणाला. "सोडा आणा."

"काका, आप चुप बैठो!" निशा ओरडली. लग्नाला वर्षही न झालेली सून, कालपर्यंत डोक्यावरचा पदर ढळू न देणारी.  "मम्मी, चप्पल घाला. मी ऑटो आणते."

आणि निघताना तिनं मला उचललं. डॉक्टर विचारतील कोणकोणती गोळी चालू आहे, पाकीट तर एकही नाही घरात, म्हणून. ऑटोत मी तिच्या मांडीवर होतो, आणि कौतिकचं डोकं सुशीलेच्या खांद्यावर. सुशीला सारखं एकच म्हणत होती, "दाढच आहे ना वो? दाढच दुखते ना?" माझ्या पोटात गोळ्या खुळखुळत होत्या. सगळे कप्पे एकमेकांत मिसळले. कोणाचं काय ते मलाही ओळखू येईना.

दाढ नव्हती. दवाखान्यात त्याच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, आणि डॉक्टर प्रतिभा धावू लागली. काय टोचलं, काय दिलं, मी पाहिलं नाही. मी बाहेरच्या बाकावर होतो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. म्हणाली, हृदयाची एक नळी जवळजवळ बंद आहे. वेळेत आणलं म्हणून हातात आहे. सध्या धोका टळला, पण इंदूरला न्यावं लागेल. मग ती बाकावर सुशीलेशेजारी बसली.

"काकू, मला एक समजत नाही. एवढ्या ताकदीची गोळी घेऊन यांची चरबी हटत कशी नाही? नेमकी कोणती गोळी घेतात ते दाखवा."

निशानं मला पुढे केलं. झाकण उघडलं.

डॉक्टर प्रतिभानं आत पाहिलं. पांढऱ्या गोल, पांढऱ्या लांबट, गुलाबी तुकडे, आणि कोपऱ्यात एक चुकार सेफ्टी पीन. "हा डबा कोणाचा आहे?"

"घराचा," सुशीला म्हणाली.

"गोळ्या कोणाच्या?"

"यांच्याच की. म्हणजे… शुगरची हे घेतात. मोतीभाऊ बी घेतात, आले का. अन् चरबीची…" ती थांबली. तिचा हात आपोआप दुखऱ्या पोटरीवर गेला. "चरबीची मी घेते."

"तुम्ही? का?"

"मले वाटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली. म्हणजे… डॉक्टरीणबाई, तुमीच पाहा ना आमच्या दोघांकडं!"

डॉक्टर हसली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं सुशीलेचा चेहरा सांगत होता. डॉक्टर प्रतिभा सावकाश म्हणाली, "काकू, अंगावरची चरबी वेगळी, रक्तातली वेगळी. शुगर असली की शरीराचा चरबीचा कारभारही बिघडतो. माणूस वाळका असला तरी. लिव्हर जास्तीची चरबी रक्तात सोडत राहतं. चांगलं कोलेस्टेरॉल, जे नळ्या साफ ठेवायला मदत करतं, ते कमी होतं. वाईट आहे ते बारीक होऊन नळीच्या भिंतीत घुसतं. बाहेरून काहीच दिसत नाही. दुखतही नाही. म्हणून तर गोळी द्यायची असते."

"म्हणजे ती गोळी यांचीच होती?"

"पहिल्या दिवसापासून."

सुशीला रडली नाही. तिनं माझं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मीच फोडून ठेवल्या होत्या वो," ती म्हणाली. "माझ्याच हातानं."

फोडल्या तिच्या हातानं, पण वाटल्या गेल्या माझ्याच पोटातून. तिला कोण सांगणार होतं की यात तिची एकटीची चूक नाही?

इंदूरला नेलं, नळीत जाळी बसवली. आठ दिवसांनी कौतिक घरी आला. आणखी वाळका, पण बोलणं तेच. डॉक्टर प्रतिभानं सगळं पुन्हा समजावलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "म्हणजे ठिबकच्या नळीसारखं? वरून काळी कुळकुळीत, अन् आतून क्षारानं भरलेली. झाड सुकू लागलं का मंग समजते?"

"अगदी तसंच, काका."

"मंग मी येडाच आहे. बागेतल्या नळ्या दर वर्षी ॲसिडनं धुतो, अन् माझी…" 

मला ठिबक कळत नाही. पण माझ्या मधोमध ती चुन्याची डबी आहे ना, तिच्या काठावर चुना सुकून सुकून तोंड इतकं बारीक झालं होतं की शेवटी धुरपदाबाईचं बोट आत जाईना. रोज भरायची, रोज वापरायची, कधी लक्षात नाही आलं. एवढं एक मला समजलं. बाकी, पौष महिन्यात घाम का आणि हृदयाचं दुखणं जबड्यात का, ते विचारू नका. मी अजून गोंधळात आहे.

सुशीलेची तपासणी झाली. तिच्या रक्तातली चरबी खरोखरच बरोबर होती. शुगर मात्र काठावर निघाली. गोळी बंद केली, पोटऱ्यांचं दुखणं थांबलं, आणि डॉक्टरनं तिला रोज चालायला सांगितलं. आता ती संध्याकाळी चालायला जाते आणि येताना शेजारणींना सांगते की मधे पाय फार दुखायचे. कशानं ते मात्र सांगत नाही.

माझं काय करायचं, यावर घरात भांडण झालं. निशा म्हणाली, गोळ्या पाकिटातच राहतील, डबा फळीवर ठेवा. फळी! पिना! मी थिजलो. पण कौतिक म्हणाला, "नाही. आईचा डबा आहे. पाकिटं याच्यातच राहतीन. फक्त…" तो निशाला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेला. तिथल्या माणसानं यंत्र चालवलं आणि माझ्या झाकणावर, मोराच्या तुटक्या मानेखाली, एक नाव घातलं. कौतिक. बुडावर आईचं, झाकणावर लेकाचं. साठ वर्षांत मी कधी एका माणसाचा नव्हतो. कसं वाटलं म्हणून विचाराल, तर गुदगुल्या झाल्या. आणि थोडी लाजही वाटली.

परवा संध्याकाळी मोतीराम आला. दवाखान्याच्या दिवसापासून तो आला नव्हता. येताना मान खाली होती. बसला. कौतिक म्हणाला, कसा आहे भो. तो म्हणाला, ठीक.  हातांना काही काम नसलं की ते सवयीनं चालतात. मोतीरामचा हात माझ्याकडे आला.

कौतिकनं माझ्यावर तळहात ठेवला.

 धुरपदाबाईच्या डब्यावर, पाहुण्यासमोर, झाकण लावून, वरून हात! मी वाट पाहत होतो की आता घराचं तोंड बंद दिसेल आणि भिंती खाली येतील.

"धुरपदाकाकूच्या डब्यावर हात ठेवला तू?" मोतीराम म्हणाला. "मले?"

"हाव. तुले."

"एका गोळीसाठी?"

"ही एकट्याची आहे, मोतीराम. तुझी बी कुठंतरी असन, एकट्याची. तुझी चरबी कधी पाहिली कोणी?"

मोतीरामनं हात मागे घेतला आणि स्वतःच्या भोपळ्यासारख्या पोटावर ठेवला. 

"उद्या सकाळी ये. पाणी सोडून काही खाऊ नको. मी येतो संग. नळीवर नाव लिहितात ते तुह्या डोळ्यानं पाहून घे."

"अन् आकडा वाईट निघाला त?"

"त निघू दे. मी आहे ना."

तेवढ्यात सुशीला बशी घेऊन बाहेर आली. बडीशेप, दोन वेलची. मोतीरामपुढे ठेवली. त्यानं चिमूटभर तोंडात टाकली आणि रुसल्या आवाजात म्हणाला, "वहिनी, लवंग तरी टाकाची होती." मग सगळे हसले, पण हळू.

कौतिकनं हात काढला नाही. गप्पा चालू राहिल्या, ऊन उतरलं, आणि तो तळहात माझ्यावर तसाच होता. वाळका, शिरांनी भरलेला. त्याखाली काहीतरी हलत होतं. आधी मला वाटलं, रस्त्यावरून लूमचा सूत भरलेला टेम्पो जातोय. मग कळलं. टक्. टक्. टक्. झाकणाचा आवाज नव्हता तो.

आता ऐका. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणीतरी असेल. डबा, डबी, बरणी, चहाची किटली, काहीही. पाहुण्यापुढे सुपारी सरकवा, बडीशेप सरकवा, जीव सरकवा. पण आतली गोळी उचलण्याआधी झाकणावरचं नाव वाचा. नाव नसेल तर विचारा, ही कोणाची? आणि उत्तर 'घराची' असं आलं, तर हात मागे घ्या.

असीरगडच्या तोफेची शपथ. बरं, तोफेची नको. कोंबड्यांच्या हंड्याची.